गाडीवाल्यांचं सामान्य गणित

मी गणित शिकले ते सूड म्हणून. कुणाला गणिताची गोडी लागते, कुणाला चांगला शिक्षक भेटतो, कुणाला मार्कांची हाव असते. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. माझ्याकडे एक माणूस होता, जो मुरबाडच्या शाळेत आम्हाला गणित शिकवायचा. मला गणिताच्या वर्गातून बाहेर काढलं ते माझं डोकं बघून नाही, हे त्यानं एकदा चार लोकांत स्वतःच्या तोंडानं कबूल करावं, एवढ्याच आशेवर मी वर्गमुळापासून अनंतस्पर्शिकेपर्यंत सगळं एकटीनं पालथं घातलं. तोंडात ‘सर’ बसलंय ते काही जात नाही, म्हणून पुढे सरच म्हणते. आदर वगैरे समजू नये.

आमची वाडी टोकावड्याच्या वर, घाटाच्या बाजूला. टोकावड्यालाही शाळा होती. पण मुरबाड तालुक्याचं गाव, तिथली शाळा मोठी, तिथल्या पोरांना इंग्रजी येतं, असं वडिलांनी कुठून तरी ऐकलं होतं. म्हणून आठवीपासून मी आणि आसपासच्या वाड्यांतली पोरं सकाळच्या एस.टी.नं मुरबाडला जायचो. गाडी सरळगावला इतकी भरायची की कंडक्टर खाली उतरून लोकांशी भांडायचा, आणि आम्ही शाळेत पोचेपर्यंत पहिला तास अर्धा संपलेला असायचा. पहिला तास रोज गणिताचा असायचा.

आम्ही मागच्या दारानं आत शिरलो की सर खडू थांबवायचे, वर्गाकडे बघायचे आणि म्हणायचे, “आले गाडीवाले.” पुढचे बाक हसायचे. मग सर पुन्हा फळ्याकडे वळायचे. मागे जाऊन पुन्हा सांगणं त्यांना मान्य नव्हतं. फळ्याचा वरचा भाग तोवर पुसलेला असायचा, त्यामुळे आमच्या वह्यांत प्रत्येक उदाहरणाचं खालचं अर्धंच उतरायचं. मला कित्येक उत्तरं माहीत होती, त्यांचे प्रश्न माहीत नव्हते. असं दोन वर्षं चाललं, आणि त्यात काही चुकतंय असं शाळेत कुणाच्या मनात आलं नाही.

नववीत एकदा फळ्यावर दोनाचं वर्गमूळ होतं. वर्गमूळ म्हणजे ज्या संख्येला तिनंच गुणलं की दोन येतात ती संख्या, हे मी घरी पुस्तकातून वाचून आले होते. सरांनी १.४१ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मी बाकावर गुणाकार करून बघितला. १.४१ ला १.४१ नं गुणलं तर दोन येत नाहीत, १.९८८१ येतात. मी हात वर केला आणि विचारलं, “सर, दोन नाय येत. याच्या म्होरं काय हाय?” सरांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना राग आला नव्हता, तेच मला जास्त लागलं. “तुझ्यासाठी इथेच संपतं,” ते म्हणाले. “बस खाली.”

दहावीच्या पहिल्या आठवड्यात सरांनी वर्षभरात काय काय शिकायचं त्याची तोंडओळख करून दिली. संभाव्यतेच्या धड्यावर आले तेव्हा त्यांनी विचारलं, नाणं उडवलं तर काय काय पडू शकतं. पुढून एकानं छाप सांगितलं, दुसऱ्यानं काटा. मी म्हटलं, उभंही राहतं. मी हे थट्टेनं म्हटलं नव्हतं. लावणीच्या दिवसांत शेतात रोपांच्या मुठी कुणी वाहून आणायच्या यावरून आम्हा भावंडांत भांडणं व्हायची, आणि ती नाणं उडवून मिटवायची रीत होती. गुडघाभर चिखलात उडवलेलं नाणं कितीदा तरी कडेवर रुततं आणि तसंच राहतं. मग पुन्हा उडवायचं. छाप, काटा आणि उभं, अशा तीन गोष्टी होतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सरांनी विचारलं, कुठे उभं राहतं. मी सांगितलं, चिखलात. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. सर म्हणाले, चिखलातली संभाव्यता वेगळी, ती ज्यानं त्यानं आपापल्या वाडीत शिकावी.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी तो धडा मुळातून वाचला. त्यात पहिली पायरी हीच आहे की काय काय घडू शकतं ते सगळं आधी मांडा, त्याला नमुना अवकाश म्हणतात. नाणं सपाट जमिनीवर पडतं, हे पुस्तकानं न सांगता धरून चाललेलं असतं. मी फक्त दुसरी जमीन धरली होती. एवढं सांगायला सरांना एक मिनिट पुरलं असतं.

त्याच महिन्यात सामान्य गणिताचं निघालं. त्या काळात दहावीला दोन गणितं होती. एक बीजगणित आणि भूमितीचं, आणि दुसरं ज्यांना ते झेपणार नाही त्यांच्यासाठी, सामान्य. नावातच सगळं सांगून टाकलं होतं. सर खडू घेऊन बाकांमधून फिरले आणि एकेकाकडे खडू दाखवत म्हणाले, तू, तू, आणि तू. आठ जण उठलो. सायकल स्टँडला लागून एक खोली होती, तिथं आम्हाला बसवलं. पी.टी.चे सर गळ्यात शिट्टी ठेवूनच आम्हाला शेकडेवारी शिकवायचे. आठांतले आठही टोकावड्याच्या गाडीचे होते, हे मला त्या दिवशी दिसलं. दिसलं म्हणजे फक्त दिसलं, त्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं.

सरांनी वडिलांना बोलावून घेतलं. वडील शेतातून तसेच आले होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मुलीच्या डोक्यात गणित नाही, सामान्य घेतलं तर निदान पास तरी होईल, असं सरांनी समजावलं, आणि वडिलांनी हात जोडून त्यांचे आभार मानले. सही केली. परत जाताना स्टँडवर मला वडापाव घेऊन दिला, कारण त्यांच्या मते काम झालं होतं. वडिलांवर माझा कधीच राग नव्हता. माझं दार लावून घेताना त्या माणसानं माझ्या बापाकडून आभार वदवून घेतले, हा राग आहे, आणि तो मी जपून ठेवलाय.

दार लागलं हे अकरावीला कळलं. तालुक्याच्या दवाखान्यात एक बाई होत्या, रक्ताचा थेंब काचेवर घेऊन दुर्बिणीतून बघायच्या. मला तसं व्हायचं होतं. प्रवेशाच्या खिडकीवरच्या माणसानं माझा निकाल बघितला आणि सायन्सचा कागद परत सरकवला. सामान्यवाल्यांना सायन्स नाही. माझ्या आईवडिलांना ते माहीत नव्हतं, मला नव्हतं, सरांना होतं. मी आर्ट्स केलं. आमच्या वर्गाला लागूनच प्रयोगशाळा होती, मधल्या खिडकीतून गॅसचा वास यायचा. दोन वर्षं मी तो वास घेत इतिहासाच्या तासाला बसले.

पुढे लग्न होऊन आसनगावला आले. इथल्याच एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नवरा रोज कल्याणला जातो. एकदा शहापूरच्या बाजारात रद्दीवाल्याकडे नववी ते बारावीची गणिताची पुस्तकं दोरीनं बांधून ठेवलेली दिसली. मी ती उचलली तेव्हा नवऱ्यानं विचारलं, कोणासाठी. मी सांगितलं, एकाचं नाक कापायचंय. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. नंतर मी जेवण उरकून पुस्तकं काढून बसायला लागले तेव्हा त्याला कळलं, आणि तेव्हापासून कुणी विचारलं की तो सांगतो, आमच्या घरात सुडाचा क्लास चालतो.

मी सुरुवात दोनाच्या वर्गमुळापासूनच केली. भागाकाराच्या पद्धतीनं एकेक आकडा काढत गेले. १.४१ झालं, आणि तिथं संपलं नाही. पुढे चार आला, मग दोन, मग एक, तीन, पाच. ४१ पर्यंतचे आकडे सरांचे, त्याच्या पुढचा प्रत्येक आकडा माझा, असं मी कारखान्यात काम करताना मनात म्हणायचे आणि मला फार बरं वाटायचं. मग ते आकडे कधीच संपत नाहीत याची सिद्धता वाचली, तेव्हा तर मी उठून पाणी प्यायले. तिला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतात. समोरच्याचं म्हणणं आधी खरं मानायचं. त्याला पाटावर बसवायचं, मान द्यायचा, आणि मग त्याच्याच म्हणण्याचा हात धरून त्याला अशा जागी न्यायचं की तो स्वतःच खोटा ठरेल. इतकी सभ्य आणि इतकी खुनशी गोष्ट मी आयुष्यात दुसरी वाचलेली नाही.

बारावीच्या पुस्तकात एका पानाच्या कडेला कुणी तरी पेन्सिलनं अनंतस्पर्शिका असा शब्द लिहून आकृती काढली होती. एकाला दहानं भागा, शंभरानं भागा, हजारानं भागा, उत्तर शून्याच्या जवळ जवळ जातं, पण शून्य होत नाही. वक्र शून्याच्या रेघेला लागून लागून चालतो आणि तिला शिवत नाही. ती रेघ म्हणजे त्याची अनंतस्पर्शिका. लोकांना हे कळायला जड जातं म्हणे. मला एका वाचनात कळलं, प्रयोगशाळेच्या खिडकीशी दोन वर्षं बसल्यावर कुणालाही कळेल. नंतर एका पुस्तकात सापडलं की ‘कधीच शिवत नाही’ हेही अर्धंच खरं आहे. काही वक्र आपल्या अनंतस्पर्शिकेला वाटेत आरपार छेदून जातात, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्या रात्री मी नवऱ्याला उठवून हे सांगितलं. त्यानं मला दिवा मालवायला सांगितलं.

आणि मग संभाव्यता. ती आली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला दिसलेल्या गोष्टीचं काय करायचं. वर्गात चाळीस पोरं, त्यातली गाडीची बारा. सरांचं म्हणणं खरं मानू. त्यांनी गाडी बघितलीच नाही, तर आठच्या आठ गाडीवालेच निघण्याची शक्यता किती? पहिला गाडीवाला निघण्याची शक्यता चाळिसात बारा. तो उठून गेला, आता एकोणचाळिसात अकरा. मग अडतिसात दहा. असं करत शेवटचा तेहतिसात पाच. हे आठही अपूर्णांक एकमेकांना गुणले की दीड लाखात एक येतं. मी तीनदा करून बघितलं. कुणी म्हणेल, त्यांनी मार्क बघून काढलं असेल. नववीत मला पुढच्या बाकांवरच्या चौघांपेक्षा जास्त मार्क होते. ते चौघं बीजगणितात राहिले, त्यातला एक आज इंजिनिअर आहे.

संधी गेल्या वर्षी चालून आली. आमच्या बॅचचा मेळावा ठरला, मुरबाडच्या एका हॉलमध्ये, आणि त्यात सरांचा सत्कार. ग्रुपवर कुणी तरी सुचवलं की मुलींतर्फे मी बोलावं, मला बोलता येतं. मी अंगठा पाठवला आणि महिनाभर तयारी केली. शहापूरच्या बाजारातून चांगली साडी घेतली. नवरा म्हणाला, लग्नालाही इतकी नटली नव्हतीस.

सर म्हातारे झाले होते. शाल, श्रीफळ, फेटा असं सगळं अंगावर घेऊन मधल्या खुर्चीत बसले होते. मला वाटलं होतं त्यांना बघून मी मऊ होईन की काय. झाले नाही. माईक हातात आल्यावर मी त्यांना नमस्कार केला, त्यांनी शिकवलेल्या गणिताचं एक उदाहरण सोडवून दाखवते म्हटलं, आणि चाळिसात बारापासून तेहतिसात पाचपर्यंत सगळं सावकाश सांगितलं. शेवटी मी विचारलं, “सर, आम्हाला डोकं बघून काढलंत की गाडी बघून?”

सरांनी दुसरा माईक मागून घेतला. ते हसत होते. हिशेब अगदी बरोबर आहे म्हणाले, आनंद वाटला म्हणाले. मग म्हणाले, “गाडी बघूनच काढलं. तुम्ही रोज उशिरा यायचात, लावणीला आठवडा आठवडा दिसायचा नाहीत. बीजगणितात नापास झाला असतात तर शाळा सुटली असती. सामान्यात सगळे पास झालात की नाही?” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गाडीवाल्यांनीही वाजवल्या.

ज्यासाठी इतकी वर्षं घालवली ते वाक्य त्यांनी बोलून दाखवलं होतं, आणि त्यावर टाळ्या पडत होत्या. त्या क्षणी मला त्यांचा फेटा ओढून खाली टाकावासा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. मी माझा माईक अजून धरूनच होते. टाळ्या संपल्यावर मी विचारलं, “सर, गणित दुसऱ्या तासाला का नाही घेतलंत?”

त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. गाडी पहिल्या तासाला पोचत नव्हती. पहिल्या तासाला चित्रकला ठेवून गणित दुसऱ्या तासाला घेतलं असतं तर आम्ही रोज वेळेवर असतो. सरांनी शाल सारखी केली. वेळापत्रक त्यांच्या हातात नव्हतं, असं ते म्हणाले. तेव्हा मागच्या रांगेतून आमच्या आठांतला एक जण उभा राहिला. त्याचं अक्षर चांगलं म्हणून शाळेतले फलक त्याच्याकडून लिहून घ्यायचे. आता तो टोकावडे लाइनीवर जीप चालवतो. “येळापत्रक तुमीच लावायचा, सर,” तो म्हणाला. “मीच लिवायचो ना तुमी सांगाल तसं.”

आता कुणी टाळी वाजवली नाही. सर खाली बघत होते, फेटा पुढे आला होता तो त्यांनी मागे केला नाही. थोड्या वेळानं सूत्रसंचालकानं नाश्त्याची सूचना दिली. मला वाईट वाटलं असेल असं वाचणाऱ्याला वाटत असेल, तर तसं नाही. मला फार छान वाटलं. मी दोन प्लेट उपमा खाल्ला.

जीपवाल्याला टोकावड्यालाच परत जायचं होतं, त्यानं मला सरळगाव नाक्यापर्यंत सोडतो म्हटलं, तिथून मला शहापूरची गाडी मिळाली असती. मी बडबडत होते, सरांचा चेहरा कसा झाला त्याची नक्कल करत होते. तो गाडी चालवत ऐकत होता. मग त्यानं ते अपूर्णांक पुन्हा सांगायला लावले. मी सांगितले. त्याला दुसऱ्याच अपूर्णांकाला सगळं कळलं, पुढचे त्यानंच म्हणून दाखवले.

“मंग मी ढ नवतो?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, नव्हतास रे, सांगतेय काय मग. तो रस्त्याकडे बघत म्हणाला की त्याची लेक सातवीला आहे, गणित अडलं की त्याच्याकडे येते, आणि तो तिला सांगतो की तुझा बाप ढ हाय, आईला इचार. आई चौथी शिकलेली. लेक आता येतच नाही.

“पर तू म्हनतेस म्हनून नको,” तो म्हणाला. “हिशेबानं सांग. तुला येतंय ना गो.”

मला येत नव्हतं. दीड लाखात एक हे सरांनी आम्हाला कसं निवडलं त्याचं उत्तर होतं. त्याला गणित आलं असतं की नाही, याचं ते उत्तर नव्हतं. असल्या गोष्टीची संभाव्यता काढायची तर आधी प्रयोग करून बघावा लागतो, आणि त्याच्या हातात बीजगणिताचा पेपर कुणी कधी दिलाच नव्हता. तो पास झाला असता की नापास, हे सरांना माहीत नाही, मला नाही, त्यालाही नाही, आणि आता कळायचा मार्गही नाही. मी त्याला ते तसंच सांगितलं, खोटं बोलले नाही. त्यानं मान हलवली.

सरळगाव नाका आला. मी उतरले तेव्हा त्यानं गाडी बंद केली नव्हती. खिडकीतून वाकून म्हणाला, “मंग लेकीला काय सांगू?”

सरांनी फळ्यावर घातलेलं एकही गणित आता मला अडत नाही. या एका प्रश्नाशी मी नाक्यावर तशीच उभी राहिले. मागून हॉर्न वाजायला लागले तसा तो गेला. सरांना मी सगळं एक वेळ सोडून दिलं असतं, माझं सायन्स, वडिलांचे जोडलेले हात, सगळं. त्याच्या लेकीचं हे नाही सोडणार.